‘प’चा धपका, ‘भ’चा भडिमार : घरच्या रेकॉर्डिंगचे दुखणे आणि त्यावरचे साधे उपाय

पूर्वी आवाज रेकॉर्ड करायचा म्हणजे स्टुडिओ, काचेपलीकडचे ध्वनिमुद्रक आणि तासाला मोजावे लागणारे पैसे, असा सगळा थाट असे. आज एक साधा माइक, एक संगणक किंवा नुसता मोबाइल हाताशी असला, तरी घरातल्या खोलीचा स्टुडिओ होतो. कुणी भावगीते गातो, कुणी मुलांसाठी गोष्टी वाचतो, कुणी क्लासच्या विद्यार्थ्यांसाठी धडे तयार करतो. २०२० च्या टाळेबंदीत तर व्यावसायिक निवेदकांनीही कपड्यांच्या कपाटात डोके घालून कामे पूर्ण केली. २०१७ मध्ये स्टोरीटेलसारखी सेवा भारतात सुरू झाल्यावर मराठी पुस्तके कानांनी ‘वाचणारा’ एक मोठा वर्गही तयार झाला.

पण हौसेने केलेले हे रेकॉर्डिंग ऐकायला बसले, की पहिल्याच ओळीत काहीतरी खटकते. आवाज गोड असतो, उच्चार स्वच्छ असतात, वाचन भावपूर्ण असते आणि तरीही ‘पहाट’ म्हणताना ‘धप्’, ‘फुले’ म्हणताना ‘फुस्स’, ‘भाऊ’ म्हणताना जणू कुणी माइकवर उशी आपटावी तसा आवाज येतो. रेकॉर्डिंगवाल्यांच्या भाषेत याला ‘माइक पॉप होणे’ किंवा ‘हवा लागणे’ म्हणतात. एखाद-दुसऱ्या वेळी कान तिकडे दुर्लक्ष करतो. पण तासभराच्या पुस्तकात असे शे-दोनशे धपके आले, तर ऐकणाऱ्याचे लक्ष कथेवरून उडते आणि डोके मात्र दुखू लागते.

गंमत अशी, की या दुखण्यावरचा उपाय महागडा नाही. बराचसा तर फुकटच आहे. फक्त हा धपका मुळात येतो कोठून, हे समजून घ्यायला हवे.

<b>व्याकरणाच्या पुस्तकातच आहे उत्तर</b>

शाळेत शिकलेली बाराखडी आठवा. ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांना आपल्या व्याकरणात ‘स्पर्श’ व्यंजने म्हटले आहे. त्यांचा उच्चार करताना तोंडात कुठेतरी दोन अवयव एकमेकांना टेकतात, हवेची वाट क्षणभर अडते आणि मग ती एकदम मोकळी होते. ‘क’ म्हणताना ही अडवणूक घशाजवळ होते, ‘ट’ म्हणताना टाळूशी, ‘त’ म्हणताना दातांशी. त्यामुळे सुटलेल्या हवेचा जोर ओठांपर्यंत येताना थोडाफार मोडलेला असतो.

पवर्गाचे मात्र तसे नाही. प, फ, ब, भ ही ओष्ठ्य अक्षरे. इथे बांधही ओठांचा आणि दरवाजाही ओठांचाच! दार उघडले, की मागे साठलेली हवा सरळ समोर झेपावते. त्यातही ‘फ’ आणि ‘भ’ महाप्राण, म्हणजे त्यांच्याबरोबर हवेचा जादा लोट येतो. आजकाल बरेचजण ‘फ’ हा दात ओठावर टेकवून इंग्रजी वळणाने म्हणतात. त्यात बांध फुटत नाही, पण हवेची धार निघते आणि तीही माइकला सोसत नाही. पवर्गातला ‘म’ तेवढा निरुपद्रवी, कारण त्याची हवा नाकावाटे निघून जाते.

यात मराठी माणसासाठी एक दिलासाही आहे. इंग्रज माणूस ‘पेन’ म्हणतो तेव्हा त्याचा ‘प’ जवळजवळ आपल्या ‘फ’इतका हवा सोडतो. आपला ‘प’ अल्पप्राण असल्यामुळे मुळातच सौम्य आहे. पण जोशात आलो, की आपणही त्याला दणका देतो. विशेषतः ओळीच्या सुरुवातीला, छातीभर श्वास घेतलेला असताना!

खात्री करायची असेल, तर मेणबत्ती पेटवून तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि आधी ‘मामा’, मग ‘पाप’, मग ‘फाफ’ म्हणा. ज्योत कुठे स्थिर राहते, कुठे थरथरते आणि कुठे विझायला येते, ते पाहिले की सगळा प्रकार डोळ्यांनीच कळतो.

<b>माइकला काय होते?</b>

माइकच्या आत एक अतिशय नाजूक पडदा असतो. आवाजाच्या लहरींनी तो थरथरतो आणि त्या थरथरीचा विद्युत-संकेत बनतो. आवाजाच्या लहरीत हवा जागच्या जागी कंप पावते. ‘प’बरोबर मात्र हवेचा झोत प्रत्यक्ष चालत येऊन त्या पडद्यावर आदळतो. पडदा एकदम मागे ढकलला जातो आणि रेकॉर्डिंगमध्ये खर्जातला ‘धप्’ उमटतो. या धपक्याचा बहुतेक जोर साधारण १५० हर्ट्झच्या खाली असतो.

घरी वापरले जाणारे बहुतेक माइक ‘कार्डिऑइड’ म्हणजे समोरचा आवाज अधिक घेणारे असतात. त्यांचा पडदा पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक टिपतो. म्हणूनच वाऱ्याच्या झोताला ते जास्त बिचकतात. शिवाय तोंड अगदी जवळ नेले, की असे माइक खर्जाचा भाग फुगवतात. आवाज भारदस्त वाटतो खरा, पण धपकाही तितकाच भारदस्त होतो! सर्व दिशांनी सारखा आवाज घेणारे ‘ऑम्नी’ जातीचे माइक याबाबतीत पुष्कळ सोशिक असतात. त्यांना खोलीतला इतर आवाजही तेवढाच प्रिय असतो, ही त्यांची उणी बाजू.

<b>कान इथेच फसतात</b>

‘आमच्या मोबाइलवर तर छान ऐकू येते!’ अशी तक्रार-वजा-समजूत अनेकांची असते. मोबाइलचा इवलासा स्पीकर खर्जातले आवाज वाजवूच शकत नाही. धपका तिथे असतो, फक्त ऐकू येत नाही. तेच रेकॉर्डिंग कुणी गाडीत किंवा मोठ्या स्पीकरवर लावले, की काचा हादरू लागतात. म्हणून रेकॉर्डिंग तपासायचे ते चांगल्या हेडफोनवरच. शक्य असेल तर रेकॉर्डिंग चालू असतानाही कानाला हेडफोन असावा. तासाभराचे वाचन झाल्यावर चूक कळण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला कळलेली बरी.

<b>पहिला उपाय : माइक बाजूला सरकवा</b>

सर्वांत गुणकारी उपायाला एक पैसाही लागत नाही. आवाज तोंडातून सगळीकडे पसरतो, पण हवेचा झोत मात्र सरळ रेषेत समोर जातो. मग माइक त्या रेषेतून बाजूला काढला, की काम झाले! तोंडासमोरची सरळ रेषा कल्पनेत आखा. माइक त्या रेषेपासून ३० ते ४५ अंश बाजूला, ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेला ठेवा. मात्र त्याचे तोंड तुमच्या तोंडाकडेच वळलेले हवे. दुसरी पद्धत म्हणजे माइक नाकाच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर लावून तो खाली ओठांकडे झुकवायचा. झोत त्याच्या खालून निघून जातो. शिवाय मान वर राहिल्याने गळाही मोकळा राहतो.

माइक बाजूला ठेवला, की बोलताना आपसूक मान तिकडे वळते आणि केलेले सगळे फुकट जाते. त्यासाठी समोरच्या भिंतीवर एखादे चित्र किंवा वाचायचा कागद लावावा आणि त्याच्याकडे पाहूनच बोलावे.

<b>अंतर : ना फार जवळ, ना फार दूर</b>

झोताचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. ओठ माइकला चिकटवून गाण्याची रंगमंचावरची सवय घरच्या रेकॉर्डिंगला मारक ठरते. हाताची वीत हे उत्तम माप आहे. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. हळुवार वाचन असेल तर थोडे जवळ, उंच पट्टीतले गाणे असेल तर थोडे दूर.

मग दोन हात लांबच का बसू नये? कारण अंतर दुप्पट झाले, की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. मोकळ्या भिंतींच्या खोलीत मग आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. पडदे, गाद्या, सतरंजी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट अशा गोष्टी घुमारा शोषून घेतात. अशा कोपऱ्यात बसले, तर माइकपासून थोडे दूर राहण्याची चैन परवडते.

<b>भरतकामाच्या रिंगची करामत</b>

माइक आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची गोल जाळी, म्हणजे ‘पॉप फिल्टर’, बाजारात काही शे रुपयांत मिळते. पण घरात भरतकामाची लाकडी किंवा प्लॅस्टिकची रिंग पडून असेल, तर ती घरीच करता येते. साधारण सहा इंचांची रिंग घ्या. नायलॉनचा जुना, पातळ, लांब मोजा तिच्यावर पिशवीसारखा चढवा आणि ताणून गाठ मारा. रिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक थर तयार होतो आणि मध्ये थोडी मोकळी जागा राहते. ही मोकळी जागा महत्त्वाची. पहिल्या थराने मोडलेला झोत तिथे विखुरतो आणि दुसऱ्या थरात उरलासुरला विरतो. तारेचा हँगर सरळ करून त्याच्या टोकाला रिंग बांधा आणि दुसरे टोक टेबलाच्या कडेला किंवा स्टँडला घट्ट करा.

जाळी माइकला चिकटवू नये. माइकपासून निदान चार बोटे पुढे ठेवावी आणि तोंड त्याच्यापुढे आणखी चार-सहा बोटांवर असावे. जाळी नीट झाली की नाही, हे पाहण्यासाठी तिच्या एका बाजूला तळहात धरून दुसऱ्या बाजूने ‘फू’ म्हणावे. हाताला झुळूक जेमतेम जाणवली, तर जाळी पास!

माइकवर हातरुमाल गुंडाळणे हा गावोगावच्या कार्यक्रमांतला जुना तोडगा. त्याने धपका कमी होतो, पण जाड कापडामुळे ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धारही बोथट होते आणि आवाज पांघरुणातून आल्यासारखा वाटतो. माइकवर घालायची फोमची टोपी त्यापेक्षा बरी. बाहेरच्या वाऱ्यात ती उपयोगी पडते, पण अगदी जवळून येणारा ‘फ’ एकट्या टोपीला आवरत नाही. रंगमंचावर सर्वत्र दिसणाऱ्या, १९६६ पासून बाजारात असलेल्या शुअर एसएम-५८ या माइकच्या गोल जाळीतही आतून असा फोम असतो. तरीही तो ओठांना लावून गाणाऱ्याचा ‘प’ फुटतोच, हे प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याला ठाऊक आहे.

आयत्या वेळी काहीच हाताशी नसेल, तर एक पेन्सिल पुरते. बाजूने बोलायच्या उभ्या, मोठ्या माइकच्या जाळीवर बरोबर मधोमध पेन्सिल उभी ठेवून दोन रबरबँडनी बांधावी. झोत पडद्यावर पडण्याआधी दुभंगतो. हा उपाय जाळीइतका पक्का नाही, पण अडल्या वेळी नक्कीच उपयोगी.

नायलॉनची जाळी अधूनमधून साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून वापरावी. तोंडातली ओल आणि तुषार तीच झेलते, हा तिचा दुसरा फायदा. त्यामुळे माइकचे आयुष्यही वाढते.

<b>जिभेला आणि ओठांना लावायचे वळण</b>

साधने कितीही चांगली असली, तरी खरी किल्ली बोलणाऱ्याकडेच असते. लता मंगेशकर यांनी गाताना श्वास कुठे आणि कसा घ्यावा, हे संगीतकार अनिल विश्वास यांच्याकडून शिकल्याचे मुलाखतींत आवर्जून सांगितले होते. श्वासावरची ती हुकमत एका दिवसात येत नाही. पण त्या वाटेवरची पहिली दोन-चार पावले कुणालाही टाकता येतील.

गाण्यात टिकतो तो स्वर, व्यंजन नव्हे. ‘पाऊस’ म्हणताना ‘प’ला नुसता स्पर्श करावा आणि वजन ‘आ’वर द्यावे. ओठ पुढे काढून, घट्ट मिटून मग उघडले, की हवा जास्त साठते. ते सैल ठेवून अलगद विलग केले, तर अक्षर स्पष्ट येते, पण फुटत नाही. ओळ सुरू करण्यापूर्वी छाती गच्च भरून रोखून धरू नये. श्वास घेतल्यावर लगेच, सहजपणे ओळ उचलावी. उंच स्वरावर जोर वाढतो तेव्हा अर्धे पाऊल मागे सरकावे.

वाचन करणाऱ्यांनी संहितेत पेन्सिलीने खुणा कराव्यात. वाक्याच्या सुरुवातीला येणारे प, फ, ब, भ अधोरेखित केले, की ते शब्द येण्याआधी मन सावध होते आणि चेहरा किंचित बाजूला वळवता येतो. काही दिवसांनी खुणांची गरजही उरत नाही. मात्र धपक्याच्या धास्तीने ‘प’ गिळू नये. ‘पाणी’चे ‘आणी’ झाले, तर उपायच रोगापेक्षा वाईट!

<b>घरातल्या मोठ्यांचा आवाज</b>

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल, तर दोन श्रोत्यांचा विचार करावा.

पहिला श्रोता दृष्टिहीन. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांच्या बोलक्या पुस्तकांसाठी स्वयंसेवक पुस्तके वाचून देत आले आहेत. अशा पुस्तकाचा श्रोता कानाला हेडफोन लावून तासन् तास अभ्यास करतो. पान डोळ्यांनी चाळून पुढे जाण्याची सोय त्याला नाही. प्रत्येक धपका त्याच्या कानात थेट आदळतो. जाळी लावण्याची आपली पाच मिनिटे त्याचे कितीतरी तास सुसह्य करतात.

दुसरा श्रोता आपल्याच घरात, कदाचित अजून जन्मायचा आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आजोबांच्या गावाकडच्या आठवणी, आत्याच्या तोंडची वाणाची कहाणी आज अनेक घरांत मोबाइलवर टिपली जाते. गायकाला ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणता येते. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाकडे तो आग्रह धरता येत नाही. ती ओवी तशी पुन्हा येईलच असे नाही आणि तो आवाजही कायम राहणार नाही.

अशा वेळी त्यांना ‘आजी, प हळू म्हण’, ‘आजोबा, मान तिकडे करा’ असे टोकत राहिले, की बोलण्यातली मोकळीक संपली! बदलायचे ते माइकचे स्थान, माणूस नव्हे. बहुतेक मोबाइलचा मुख्य माइक खालच्या कडेच्या बारीक छिद्रात असतो. ती कडे ओठांसमोर न आणता मोबाइल थोडा बाजूला, चार पुस्तकांच्या चळतीवर टॉवेलची घडी घालून ठेवावा. तो हातात धरू नये, नाहीतर बोटांची खसखसही टिपली जाते. मोबाइल विमान-मोडवर टाकावा. पंखा बंद करावा, कुकरची वेळ टाळावी आणि मग निवांत गप्पा सुरू कराव्यात. पहिले अर्धे मिनिट टिपून, हेडफोनवर ऐकून, जागा ठरवावी. त्यानंतर मात्र यंत्राकडे पाहू नये, माणसाकडे पाहावे.

<b>धपका बसलाच तर?</b>

झालेले रेकॉर्डिंगही काही प्रमाणात सुधारता येते. पहिला नियम म्हणजे मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत करूनच काम करायचे. ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्रॅम यासाठी पुरतो. त्यातल्या ‘हाय-पास फिल्टर’ने ठरावीक पातळीखालचे खर्जातले आवाज कापले जातात. पुरुषांच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झ, तर स्त्रियांचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून संपूर्ण रेकॉर्डिंगला फिल्टर लावताना पुरुषांसाठी ८० आणि स्त्रियांसाठी १०० ते १२० हर्ट्झपर्यंतच थांबावे. त्यापुढे गेले, की आवाजाचा भरदारपणाच जातो.

उरलेले धपके एकेक करून वेचावे लागतात. पडद्यावर आलेख मोठा करून पाहिला, की ‘प’च्या जागी एक रुंद, संथ, फुगीर लाट दिसते. तेवढाच तुकडा निवडून त्याला १५० हर्ट्झपर्यंतचा फिल्टर लावावा किंवा त्याच्या सुरुवातीचा आवाज हलकेच उतरवावा. मात्र झोताने संकेत मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटला असेल, तर तो पूर्ववत करणे फार कठीण. म्हणून रेकॉर्डिंगची पातळी आधीच बेताची, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी. दहा धपके दुरुस्त करायला लागणाऱ्या वेळात माइक हलवून सगळी ओळ नव्याने म्हणता येते, हेही लक्षात ठेवावे.

<b>दहा मिनिटांची परीक्षा</b>

• आधी म्हणा : ‘आईने दारात रांगोळी काढली.’ यात पवर्गातले एकही अक्षर नाही. हा तुमचा स्वच्छ नमुना.

• मग म्हणा : ‘भाऊबिजेला भाऊ भल्या पहाटे फराळ बांधून पुण्याला पोहोचला.’ हीच खरी परीक्षा!

• हे दुसरे वाक्य चार वेळा टिपा : माइक अगदी समोर ठेवून, बाजूला ४५ अंशांवर ठेवून, नाकाच्या उंचीवर ठेवून आणि शेवटी बाजूला ठेवून मध्ये जाळी लावून.

• चारही नमुने हेडफोनवर ऐका. ज्यात भाऊ सुखरूप पुण्याला पोहोचला, ती तुमची जागा.

• त्या जागी जमिनीवर खडूने आणि टेबलावर चिकटपट्टीने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी शोधाशोध नको.

एवढी तयारी एकदा झाली, की ‘प’ची भीती राहत नाही आणि लक्ष पुन्हा मूळ गोष्टीकडे, म्हणजे गाण्याकडे, गोष्टीकडे आणि ती सांगणाऱ्या माणसाकडे जाते. सुट्टीत घरातली मोठी माणसे एकत्र येतील, तेव्हा जुना मोजा आणि भरतकामाची रिंग तेवढी आधीच शोधून ठेवा.